डोळे शाबूत, अर्धं जग गायब

जिजी गेल्याचा फोन आला तेव्हा भगवानराव अंगणात चूळ भरत होते. फोन मी घेतला. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, तांब्या खाली ठेवला, गोठ्यातला कोयता उचलला आणि घरामागच्या केळीत शिरले. मी मागोमाग गेले, पण लांब राहून. घड धरलेली केळी होती, कापणीला आलेली. केळीचं खोड म्हणजे नुसतं पाणी, धारेच्या एका घावात आडवं होतं. ते ओरडत होते, रडत होते, जिजीला शिव्या घालत होते, देवाला घालत होते आणि घाव घालत पुढे चालले होते. बांधाशी पोचल्यावर कोयता फेकला आणि तिथेच बसले. मी वळून मागे बघितलं. त्यांच्या वाटेच्या उजव्या हाताची सगळी केळी घडांसकट जमिनीवर लोळत होती. डाव्या हाताची ओळ जशीच्या तशी उभी होती, एका पानालाही धक्का नव्हता. एवढ्या रागातही ती बाजू त्यांना दिसली नव्हती... आणि हे असं का होतं, ते मला ज्यांनी समजावून सांगितलं होतं, त्याच गेल्या होत्या.

प्रमिला जिजी म्हणजे माझी नणंद, भगवानरावांची थोरली बहीण. बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचं असतं, असं मला या आठवड्यात तिघाचौघांनी सांगितलं. जिजी गोड नव्हत्या. त्यांचा राग नाकावर असायचा, तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरच्याची बोलती बंद व्हायची आणि वर्गात झोपणाऱ्या पोरीच्या बाकावर त्या डस्टर असा आदळायच्या की पुढच्या तीन ओळी जाग्या व्हायच्या. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं विचारणाऱ्या प्रत्येक बाईला त्या उलट विचारायच्या, "तू कशाले केलं?" मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला त्यांची धडकी भरायची. मी मराठी शाळेतली मास्तरीण, मलाही राग येतो, पण माझा राग शब्दांचा. त्यांच्या रागाला हात होते.

कॉलेजात लागण्याआधी त्या एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत संशोधन करायच्या. विषय होता मांजरीला कसं दिसतं. त्या काळाबद्दल त्या कधी फुशारकी मारायच्या नाहीत आणि लपवायच्याही नाहीत. मांजरीला भूल द्यायची, कवटीला मागच्या बाजूला छिद्र पाडायचं, केसाहून बारीक तार मेंदूत उतरवायची आणि समोरच्या पडद्यावर उजेडाची एक रेघ फिरवायची. तारेचं दुसरं टोक भोंग्याला जोडलेलं. रेघ उभी असेल तर काहीच नाही. थोडी कलती केली की भोंगा एकदम तडतडायचा, आणखी कलती केली की पुन्हा गप्प. मेंदूतली ती एक पेशी तेवढ्याच तिरप्या रेघेची वाट बघत बसलेली असते, तिच्या शेजारची त्याहून जरा जास्त तिरप्या रेघेची, आणि अशा रांगाच्या रांगा. "आपण झाड बघतो, माणूस बघतो, असं आपल्याले वाटते," जिजी म्हणायच्या. "मागं नुसत्या कडा येतात. कडा जोडून झाड पुढं बनवतात."

हे सांगताना त्या माझ्या डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर, अंबाड्याच्या खाली, टपली मारायच्या. "सुनंदा, तू इथून बघतेस. पुढचे दोन डोळे नुसत्या खिडक्या." त्या टपलीने खरंच दुखायचं. मी एकदा चिडून म्हटलं, मांजरींचं तुम्हाला काही वाटलं नाही का? त्या म्हणाल्या की त्यांनी मांजरीच्या पिल्लांची एकेका डोळ्याची पापणी टाक्यांनी शिवली होती. काही महिन्यांनी टाके उसवायचे. डोळा आत एकदम शाबूत, बाहुली स्वच्छ. पण तोवर मेंदूतली त्या डोळ्याची जागा दुसऱ्या डोळ्याने बळकावलेली असायची, शेजारी बांध कोरत कोरत आपल्या शेतात येतो तशी. मग चांगला डोळा झाकला की ते पिल्लू टेबलाच्या कडेवरून सरळ चालत जायचं आणि खाली आदळायचं. पुन्हा उचलून ठेवलं की पुन्हा तसंच. "डोळा बरा असून आंधळं असणं मी माझ्या हातानं बनवलं आहे," असं त्या म्हणाल्या, आणि उठून चहा ठेवायला गेल्या. मला त्या दिवशी त्यांचा मनापासून राग आला होता. तो पूर्ण गेला असं आजही म्हणणार नाही.

आता भगवानरावांबद्दल सांगायला हवं, कारण जिजींची खरी ओळख मला त्यांच्यामुळे झाली. आमच्याकडे दिवाळी झाली की पाड्यांची टक्कर लागते. पाडा म्हणजे रेडा. वर्षभर त्याला सरकी, ढेप, दूध, अंडी चारायची, तेल लावून शिंगं चमकवायची आणि मैदानात दुसऱ्याच्या पाड्यासमोर सोडायचा. बंदी असते, तरी होते. भगवानरावांचा बादल नावाचा पाडा होता आणि त्याच्यावर त्यांचा माझ्याहून जास्त जीव होता, हे मी तेव्हाही तोंडावर म्हणायचे. दोन पाड्यांची डोकी आदळतात तो आवाज ज्याने ऐकला त्याला विसरता येत नाही. जिजींना तो सगळा प्रकार आवडायचा नाही, पण त्या बघायला यायच्या आणि माझ्या कानाशी बडबडत राहायच्या. पाड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण कपाळासमोरचं दोन्ही डोळ्यांनी अगदी थोडं. हरलेला पाडा कोणावर रागावून धावत नाही, त्याला गर्दीत जिथे उजेडाची फट दिसते तिकडे धावतो. आणि आपली माणसं करतात काय, तर त्याच फटीत पाड्याचा मालक दोरी घेऊन उभा राहतो! पाडा आपल्या धन्याला ओळखून थांबेल, अशी सगळ्यांची समजूत. इज्जतीचा प्रश्न असतो तो. तिथून जो बाजूला होतो त्याला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

शाहपूरच्या बाजूच्या मैदानावर एका दिवाळीनंतर बादल हरला. मी लांब ट्रॅक्टरवर बायकांमध्ये बसले होते. बादलने मान फिरवली, लोकांनी एकदम आरडाओरडा केला आणि तो फटीकडे सुटला. भगवानराव फटीत उभे. दोरी उगारून "बादल! बादल!" ओरडत होते. त्याने त्यांना शिंगावर घेतलं नाही, नुसतं खांद्याने उडवलं, आणि ते मागच्या दगडी ओट्यावर डोक्याने पडले. बादलच्या मागे दुसरा पाडा, त्याच्या मागे अर्धं मैदान. एका पोराचा पाय मोडला, एकाची मोटारसायकल चेंदामेंदा झाली. भगवानरावांच्या डोक्याच्या मागून रक्त गळत होतं, त्यांनी रुमाल बांधला, चहा प्यायला आणि दवाखान्यात चला म्हणणाऱ्यांना हसून उडवून लावलं. जिजी त्या वर्षी परीक्षेच्या कामाला बाहेरगावी होत्या. त्या असत्या तर त्यांनी कॉलर धरून दवाखान्यात नेलं असतं.

त्यानंतर आमच्या घरात मारामारी आली. दुसरा शब्द मी वापरणार नाही. माझ्या संसारात तोपर्यंत नवऱ्याने माझ्यावर हात उचललेला नव्हता. रागीट माणूस, भांडी आपटायचा, पण हात नाही. त्या टकरीला थोडे दिवस झाले असतील, ते सकाळी पेपर वाचत बसले होते आणि मी चहाचा पेला त्यांच्या डाव्या हाताशी ठेवायला वाकले. हात कधी आला ते मला कळलं नाही. चहा, पेला, रक्त, आणि माझा एक दात जमिनीवर. ते उठून उभे राहिले, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले. "तू कुठून आली? मले दिसलीच नाही तू!" मी तोंडावर पदर दाबून ओरडले, "दिसली नाही आणि नेम दाताचा?" मुलगी तेव्हा इंदूरला शिकत होती. तिला मी फोनवर सांगितलं की पायरीवरून पडले. असं का सांगितलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही... अशा वेळी बायका जे सांगतात तेच सांगितलं.

मग बाजारात झालं. आपल्याकडे रस्त्यात भेटलेल्या माणसाच्या रामरामला उत्तर दिलं नाही तर ती शिवीच समजतात. भगवानराव लोकांच्या रामरामला उत्तर देईनासे झाले होते. सगळ्यांच्या नव्हे, काहींच्या. गावात बोलायला सुरुवात झाली की केळीला भाव मिळाला आणि याच्या डोळ्यावर चरबी चढली. एका दिवशी शेजारच्या वस्तीतला पंढरी, त्यांचा शाळेतला सोबती, जाब विचारायला आला आणि त्याने डावीकडून खांद्यावर हात ठेवला. त्याचं नाक मोडलं. संध्याकाळी त्याची माणसं काठ्या घेऊन आमच्या दारात उभी. दाराची फळी फुटली, भगवानरावांच्या बरगडीला मुका मार लागला, माझ्या अंगावर दगड आला. लोक म्हणायला लागले, अंगात आलं आहे, कोणी म्हणे पितो, कोणी म्हणे नजर लागली. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी दोन्ही डोळे तपासून सांगितलं, डोळ्यांना काही झालेलं नाही, एकदम छान आहेत. त्यांचं चुकलं नव्हतं, डोळे छानच होते. घरी येताना मी ठरवलं की हा माणूस खोटं बोलतो आहे, आणि मला आता इथे राहायचं नाही. बॅग भरून ठेवली होती. फक्त कुठे जायचं ते सुचत नव्हतं.

त्या रविवारी जिजी जेवायला आल्या. भगवानराव बाहेरून आत येताना डावा खांदा चौकटीवर आपटला. जिजींचा घास हातात राहिला. जेवताना ते ताटात डावीकडे वाढलेली चटणी आणि कोशिंबीर तशीच ठेवून उठायला लागले, तेव्हा जिजींनी काही न बोलता त्यांचं ताट अर्धं फिरवलं. "अरे, कोशिंबीर केली होती?" असं म्हणून ते पुन्हा बसले. जिजींचा चेहरा पांढरा पडला. मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. हात धुऊन त्या त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, आधी एक डोळा झाकायला लावला, मग दुसरा. दोन्ही वेळा डावीकडचं बोट त्यांना दिसलं नाही. "मले वाटे डावा डोळा गेला," ते म्हणाले. जिजी म्हणाल्या, "डोळा नाही गेला रे. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली. मागून गेली."

मग त्यांनी आम्हा दोघांना बसवून समजावलं, त्यांच्या शिव्याशापांसकट. दोन्ही डोळ्यांमधलं डाव्या बाजूचं जेवढं जग आहे, ते सगळं मेंदूच्या मागच्या उजव्या भागात जाऊन मांडलं जातं, आणि उजव्या बाजूचं डाव्या भागात. तिथे अख्ख्या दिसण्याचा नकाशा असतो, उलटा, पण शेजारच्याला शेजार लागून. नजरेच्या मध्यभागी, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढी जी जागा, तिला त्या नकाशात सगळ्यात मोठा तुकडा मिळतो, कडेच्यांना वीत वीत. ओट्यावर डोकं आपटलं तेव्हा उजवीकडचा नकाशा चिरडला. मी विचारलं, मग त्यांना तिथे अंधार दिसायला हवा ना? जिजी म्हणाल्या, "तुले तुझ्या पाठीमागं अंधार दिसतो का? काहीच नाही दिसत ना. तसं." पुढे इंदूरला नेऊन डोक्याचा फोटो काढला तेव्हा नेमकी तीच जागा, कवटीच्या मागे उजवीकडे, सुकलेल्या चट्ट्यासारखी निघाली.

पण माझा प्रश्न तो नव्हता. मला नकाशाचं काही पडलं नव्हतं. माझा दात गेला होता आणि मला एवढंच कळायला हवं होतं की मी ज्या माणसाच्या शेजारी झोपते, तो मला मारतो की नाही. पंढरीसुद्धा नाकाला पट्टी लावून जिजींना हेच म्हणाला होता, "दिसत नाही त्याले, अन् नाक बरोबर सापडते?" जिजींनी ते हसण्यावारी नेलं नाही. डोळ्यांकडून मेंदूत जाणारा मोठा रस्ता मागे जातो, त्या म्हणाल्या, पण एक जुनी पायवाटही आहे, बेडकालाही असते ती. तिच्यावरून काय आहे ते कळत नाही, फक्त काहीतरी वेगाने आलं एवढंच कळतं, आणि तेही आपल्याला न सांगता हाताला कळतं. मोठा रस्ता फुटला तरी कुणाकुणाची पायवाट चालू राहते. असं मारणं होतं असं त्यांनी कुठे वाचलेलं नव्हतं, हेही त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "जिजी, हे सगळं बरोबर असेल. पण तुम्ही बहीण आहात त्यांची." त्या म्हणाल्या, "बरोबर बोलली. बघूनच घेऊ."

त्याच दुपारी अंगणात त्यांनी भगवानरावांना खाटेवर बसवलं, समोरच्या भिंतीतल्या खिळ्याकडे बघायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, तू समोर उभी राहा, त्याचे डोळे खिळ्यावरून हलले तर सांग. मग त्या डावीकडून मूठ आवळून त्यांच्या तोंडावर झेपावल्या. हात आला आणि जिजींचा चष्मा फुटला. मी किंचाळले. भगवानराव म्हणाले, "काय झालं? काय फुटलं?" डोळे खिळ्यावरच होते, मी शपथेवर सांगते. जिजींच्या भुवईतून रक्त गालावर आलं होतं. त्यांनी ते हाताच्या मागच्या बाजूने पुसलं आणि पुन्हा झेपावल्या. पुन्हा मार. कधी दंडावर, कधी छातीवर. मग त्या उजवीकडे गेल्या. तिकडून त्यांनी मूठ उगारली, डोळ्यात बोटं घालायला आल्यासारखं केलं, कानाखाली ओढली, ओल्या फडक्याने झोडपलं. भगवानराव मागे सरकत होते, हात आडवा धरत होते, "काय खेळ लावून राहिली जिजी, बस कर ना," म्हणत होते. पण उजवीकडून हात उठला नाही. मला तिथेच रडू फुटलं. मला वाटलं, सुटले मी. हा माणूस मला मारत नाही.

जिजी थांबल्या नाहीत. धापा टाकत त्यांच्या उजव्या बाजूला वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भगवान, बादल विकून टाक. अर्ध्या आंधळ्या माणसानं मैदानात काय करायचं? घरात बसून बांगड्या भर." भगवानरावांनी मान वळवली. जिजींच्या तोंडाकडे सरळ बघितलं, आणि मग मारलं. पंजा उघडा, पूर्ण ताकदीने. जिजी खाटेच्या पायाशी पडल्या. भगवानराव स्वतःच्या हाताकडे बघत उभे होते आणि मी त्यांच्याकडे. जिजी उठून बसल्या, गालावर पाचही बोटं उमटलेली, आणि भावाशी नाही, माझ्याशी बोलल्या. "सुनंदा, नीट बघितलं ना? डावीकडचे सगळे त्याच्या फुटलेल्या डोक्याचे. हा एक भगवानचा. या दोन गोष्टी कधी एकत्र करू नको. तो करेल, गाव करेल, तू करू नको. डावीकडून जाताना आवाज देत जा. आणि उजवीकडून तुझ्यावर एकदा जरी हात पडला तर माझ्या या सगळ्या शास्त्राची आठवण काढत बसू नको, सरळ माझ्या घरी ये."

मी आजवर पुष्कळ शहाणी माणसं बघितली. आपल्या माणसाला वाचवायला निघालेला शहाणा माणूस कुठे थांबतो, ते मला माहीत आहे. जिथे पुरावा आपल्या बाजूचा मिळाला, तिथे तो थांबतो. जिजींनाही तिथे थांबता आलं असतं. भुवई फुटली होती, मी रडत होते, माझी बॅग मी मनातल्या मनात रिकामी केली होती. त्यांनी पुढे जाऊन स्वतःच्या गालावर मार ओढवून घेतला, कारण मला अर्धंच दिसलेलं त्यांना चालणार नव्हतं. मांजरींच्या पिल्लांबद्दलचा माझा राग आणि हे, दोन्ही माझ्या मनात शेजारी शेजारी आहेत.

भगवानरावांनी बादल विकला. कोणाशी न बोलता. तो गाडीत चढवला त्या दिवशी कुऱ्हाड घेऊन त्यांनी गोठ्यातली गव्हाण फोडून सरपण केलं, आणि मग पंढरीच्या घरी जाऊन त्याच्या पाया पडले. आम्ही सगळे डावीकडून जाताना "मी आहे" म्हणायला शिकलो. गावही हळूहळू शिकलं, रामराम उजवीकडून घालायला लागलं. तरी कधी पाहुणा विसरतो, कधी कुत्रं अंगावर येतं, आणि हात सुटतो. दारू पिऊन आलेल्या एका मजुराची अशीच कवळी तुटली. पण उजवीकडून नाही. मी डोळ्यात तेल घालून बघत होते.

जिजींच्या पोटात कॅन्सर निघाला तो उशिरा. शेवटी त्या एवढ्याशा झाल्या होत्या, पण दवाखान्यातल्या नर्सवर ओरडण्याइतका आवाज शिल्लक होता. आमची शेवटची भेट झाली तेव्हा मला खुणेने जवळ बोलावून म्हणाल्या, "माझं घर तुझ्या नावावर केलं आहे. राहायले नाही, पळायले. त्याले सांगू नको." मी म्हटलं, "आता तशी वेळ नाही यायची, जिजी." त्यांनी डोळे मिटले. "मी असेपर्यंत नाही आली," एवढंच म्हणाल्या. ते मला फार लागलं. म्हणजे इतके दिवस भगवानराव हात आवरत होते तो बहिणीच्या धाकाने? त्या गेल्यावर काय? फोन आला त्या सकाळी, केळीच्या बांधावर कोयता फेकून बसलेल्या नवऱ्याकडे बघत मी रडत होते ती जिजींसाठी, आणि खरं सांगायचं तर थोडी स्वतःसाठी.

आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत. मी गेले. तापीचं पाणी खाली गेलेलं, ऊन तापलेलं. अग्नी भगवानरावांनी दिला. मग खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेला उलटे फेरे घालायचे, म्हणजे चिता डाव्या हाताला ठेवून. ते चालायला लागल्यावर माझ्या डोक्यात लख्ख पडलं. पेटलेली चिता, हलणारा जाळ, आणि सगळं त्यांच्या डावीकडे! मी "अहो!" म्हणून ओरडेपर्यंत एक लाकूड कोसळलं, ठिणग्या उडाल्या आणि त्यांचा डावा हात सरळ जाळात गेला. मडकं पडून फुटलं. बाही पेटली, ती कोणीतरी विझवली. फेरे पुरे व्हायच्या आत मडकं फुटलं म्हणून माणसं अपशकुन अपशकुन करायला लागली. भगवानराव भाजलेला हात छातीशी धरून उभे होते. मग म्हणाले, "मले ती दिसून नाही राहिली. मी तिकडून फिरतो." आणि वळून, चिता उजव्या हाताला घेऊन, सुलटे चालायला लागले.

बाबूकाका, त्यांचे चुलते, घरातले सगळ्यात वडील, काठी टेकत पुढे झाले आणि त्यांनी उजवीकडून दंड धरला. "सुलटा फिरतो? अरे लग्न आहे का हे? जनमभर भांडली तुझ्यासाठी, तिले नरकात घालतो का?" आणि काठी पोटरीवर हाणली. भगवानरावांनी मान वळवून काकांकडे सरळ बघितलं. उजवा हात वर गेला. पंजा उघडा. मला अंगण दिसलं, खाट दिसली, जिजींचा गाल दिसला. मी पुढे झाले नाही, ओरडले नाही. मला बघायचं होतं. तो हात काकांच्या कानाच्या उंचीवर थांबला... आणि खाली आला. "काका, बाजूले व्हा," ते म्हणाले, आणि त्यांनी सगळे फेरे तसेच घातले, बहिणीवरची नजर न काढता.

संध्याकाळी अंघोळी झाल्या, माणसं पांगली. मी त्यांच्या भाजलेल्या हाताला मलम लावत होते. त्यांनी विचारलं, "सुनंदा, काकावर हात उठला होता ना माझा? तो कोणत्या बाजूनं?"

"उजव्या," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "मंग तो माझाच होता."